रविवारची दुपार बायांनाही हवी

धामणगाव बढेसारख्या मोठ्या गावात नोकरदाराचं, मास्तरांचं घर रविवारी जरा उशिरा उठतं. चहा दोनदा होतो, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो, दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा बेत ठरतो. आठवडाभर राबलेल्या माणसाला हे सुख मिळायलाच हवं. पण बट्टीची कणीक घट्ट मळायची, गोळे उकडायचे, चिरून तळायचे आणि वर सगळा पसारा आवरायचा, हे जिच्या वाट्याला येतं तिचा रविवार इतर वारांपेक्षा जड जातो. शेतमजुराच्या घरी तर रविवारला काही अर्थच नसतो. तिथे सुटी आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि कापूस फुटला की तीही जाते.

रविवारची ही सुटी कुणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ती मागितली, तेव्हा अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. त्या काळी भरसभेत बाईने बोलायचं म्हणजे केवढी छाती लागली असेल! १० जूनला गिरणीमालकांना रविवार मान्य करावा लागला. रविवार हा खंडोबाचा वार, शिवाय सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजाच्या कामी यावा, असं लोखंडे सांगत. त्या दोघींनी मागितलेला रविवार गावातल्या बाईपर्यंत अजून पुरता पोचलेला नाही.

म्हणून एक मागणी. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी तीन ते पाच, गावाने गाण्याला बसावं. रात्री नको, दुपारीच. रात्रीचे कार्यक्रम पाहुण्यांची वाट बघत लांबतात, मग सत्कार होतात, आणि दहा वाजता नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. भांडी घासून बाई येते तोवर भैरवी सुरू झालेली असते. शेजारच्या खेड्यांतून आलेल्यांना परतीची गाडी नसते.

गायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही. वारकरी भजनी मंडळ, बायांचं मंडळ, जयंतीला भीमगीतं गाणारी पोरं, उरुसात कव्वाली म्हणणारे, असे गळे आपल्या गावागावांत आहेत. ते एका सतरंजीवर मात्र क्वचितच बसतात. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीच्या तालावर गावं एकत्र बसवली. त्या खंजिरीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, उन्हात धरलं की पुन्हा ताणलं जातं, आणि थाप खणखणीत वाजते. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, तिच्या वजनाने आवाज खोल उतरतो. कमी वाटली तर चिमूटभर लावायची, जास्त झाली तर खरवडायची. गाण्याआधीची ही जुळवाजुळव पोरांनी जवळ बसून बघावी, हात लावून बघावी. मोबाईलवर गाणं ऐकू येतं, पण कणीक किती लावायची ते कळत नाही.

ग्रामपंचायतीने फक्त सभागृहाची किल्ली आणि सतरंज्या द्याव्यात. हारतुरे, प्रमुख पाहुणे, बक्षिसं काही नको. स्पर्धा तर मुळीच नको, कारण नंबर आला नाही की मंडळं रुसतात आणि दुसऱ्या वर्षी फिरकत नाहीत. पहिला तास बायांच्या मंडळाचा असावा. त्या दिवशी घरात खिचडी शिजावी. ती पुरुषांनी लावावी, ताटंही त्यांनीच घासावीत. ज्या घरात हे व्हायचं नाही तिथली बाई तीन वाजता येऊ शकणार नाही, मग कार्यक्रम कितीही चांगला असो. मजूर बायांसाठी अधूनमधून बाजाराचा दिवस धरावा.

सुरुवातीला मुहूर्त शोधत बसू नये. पोळा झाल्यावर आणि सोयाबीनची सोंगणी लागण्याआधी जे थोडे रविवार हाताशी असतात, त्यांतला पहिलाच धरावा.