कंटाळवाणी पानं गाळू नका

लांबच्या, खडतर प्रवासाचं पुस्तक मुलांना वाचायला द्यायचं ठरलं की आम्ही मोठी माणसं आधी कात्री शोधतो. वादळ ठेवतो, लढाई ठेवतो, शिखरावरचा झेंडा ठेवतो. मधले दिवस कापून टाकतो. आमच्या या पुस्तिकांमध्येसुद्धा असे कापलेले उतारे भरपूर आहेत. अशा उताऱ्यांनी तुम्हाला शब्द मिळतात, पण प्रवास मिळत नाही, असं माझं मत आहे. आणि तुम्ही आता एवढं मराठी वाचू शकता की पूर्ण पुस्तकाला हात घालायला हरकत नाही.

कुठलं पुस्तक? माझ्या मते विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'.

हे गोडसे भटजी कोकणातल्या पेणजवळच्या वरसई गावचे. घर गरीब, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, अशी बातमी गावात आली. यज्ञ म्हणजे दक्षिणा, दक्षिणा म्हणजे पैसे, आणि पैसे मिळाले तर कर्ज फिटणार. म्हणून 1857 साली तिशीच्या आसपासचे भटजी आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि तेही बहुतेक पायी! घरच्यांचा जीव खाली-वर होत होता, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

पुढे काय झालं ते साल बघूनच तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध उठाव झाला आणि हे दोघे काका-पुतणे नेमके त्याच्या मध्यभागी सापडले. ज्या यज्ञासाठी निघाले तो बाजूलाच राहिला. 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा भटजी झाशीतच होते. शहर पडलं, कत्तल झाली, लूट झाली. भटजींनी जमवलेले पैसेही त्यात गेले.

आता कात्रीवाले नेमकं काय उचलतात? वेढा उचलतात आणि विहिरीचा प्रसंग उचलतात. झाशीतून निसटलेली, धुळीने माखलेली राणी काल्पीच्या वाटेवर भटजींना एका विहिरीपाशी भेटते. भटजी तिच्यासाठी पाणी काढायला जातात, तर ती त्यांना थांबवते. प्रसंग जबरदस्त आहे, यात वादच नाही. पण आधीची शंभर पानं वाचल्याशिवाय तो पूर्ण कळत नाही. कारण त्या पानांमध्ये भटजी सारखे पाण्याबद्दल, जेवणाबद्दल, मुक्कामाच्या जागेबद्दल आणि पैशांबद्दलच बोलत असतात. कुठे कोणी शिधा दिला (शिधा म्हणजे न शिजवलेलं धान्य, डाळ, पीठ वगैरे), कुठे दक्षिणा किती मिळाली, कमरेला बांधलेले पैसे कसे सांभाळले. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसाला विहीर म्हणजे काय वाटते, हे आपल्याला तोवर चांगलंच समजलेलं असतं. मग राणी तिथे तहानलेली येते, तेव्हा आपण नुसते बघत राहत नाही, आपल्याही घशाला कोरड पडते.

आणि परतीचा प्रवास! तो तर उताऱ्यांमध्ये जवळपास कधीच नसतो. सगळं लुटलं गेल्यावरही भटजी सरळ घरी आले नाहीत. ते काशीला गेले आणि तिथून आईवडिलांसाठी गंगेचं पाणी कावडीने आणलं. कावड म्हणजे खांद्यावर आडवा बांबू आणि त्याच्या दोन्ही टोकांना टांगलेली भांडी. काशीपासून कोकणापर्यंत ते वजन खांद्यावर! पैसे मिळवायला गेलेला मुलगा दोन वर्षांहून अधिक काळाने परत आला, तो पाणी घेऊन. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात मोठा पराक्रम हाच आहे, आणि त्यात एकही तोफ उडत नाही.

या पुस्तकावर कात्री चालवण्याची सवय जुनीच आहे. भटजींनी ही हकीगत जवळजवळ पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली. वैद्यांनी ती 1907 साली छापली, पण मजकुरात बरेच फेरफार करून. राज्य इंग्रजांचं होतं, तेव्हा त्यांना सावध राहावं लागलं असणार, हे मी समजू शकतो. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. म्हणजे भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांपर्यंत पोहोचायला ऐंशीहून अधिक वर्षं गेली. त्यातले आता आम्ही पुन्हा कापायचे?

सगळे लांबचे प्रवास भटजींसारखे नकळत गळ्यात पडत नाहीत. काही जण ठरवून निघतात. इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारली. असं करणारे ते पहिले. 312 दिवस लागले. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली ती एकट्या त्यांनी. त्यांची बोट 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली होती, सागवानी लाकडाची. त्यांच्या पुस्तकात लाटा आहेतच, पण मला लक्षात राहिली ती दुरुस्ती. तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत यायला लागलं, तेव्हा या माणसाने भर समुद्रात बोटीखाली बुडी मारून तो सांधा बुजवला. पिण्याचं पाणी खराब झालं तर पावसाचं पाणी गोळा केलं. रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने कोणाला त्यांचा पत्ता नव्हता. आज हे, उद्या ते, परवा पुन्हा तेच.

पुढे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला आपल्या नौदलातले दिलीप दोंदे गेले. 2009-10 मध्ये, चार ठिकाणी थांबे घेत, शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. 'म्हादेई' ही त्यांची बोट गोव्यात बांधलेली. त्यांचं पुस्तक इंग्रजीत आहे, आणि त्यात बोट समुद्रात उतरायच्या आधीच बरीच पानं जातात: परवानग्या, खर्च, सामान, बांधकाम. काही वाचक इथे वैतागतील. मी ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळतो, मला तर ती पानं फारच ओळखीची वाटली!

जाता जाता एक गंमत. कॉम्प्युटर काय काय करतो याची नोंद ज्या फाइलमध्ये होते, तिला आम्ही 'लॉग' म्हणतो. हा शब्द जहाजावरून आलेला आहे. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचे, ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचे आणि जहाजाचा वेग वहीत लिहायचे. रोज, दिवसातून अनेकदा. बहुतेक नोंदी कंटाळवाण्याच. पण जहाज चुकलं तर तीच वही उघडायची.

तुमच्यातले काही जण म्हणतील, "आम्ही मराठी हळू वाचतो, एवढं जाड पुस्तक कधी संपणार?" अहो, पण इथे हळू वाचणंच फायद्याचं आहे. भटजी चालत गेले होते. रोज दोन-तीन पानं वाचलीत तर तुमची आणि त्यांची चाल साधारण सारखी पडेल. झाशी यायला तुम्हालाही काही आठवडे लागू देत.

भाषा जुनी आहे, हे खरं. संस्कृत शब्द येतात, आज कोणी बोलत नाही अशी वळणं येतात. सुरुवातीला आजी-आजोबांना फोन लावा. त्यांनाही एखादा शब्द अडेल, मग दोघं मिळून शब्दकोश उघडा. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भटजी त्यांच्या काळातले ब्राह्मण आहेत. जात, सोवळं-ओवळं, बायकांबद्दलची मतं यातलं बरंच काही तुम्हाला खटकेल. खटकू दे. अशा जागी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि वर्गात घेऊन या, आपण त्यावर भांडू.

इंग्रजी भाषांतरं मिळतात. अडलं तर जरूर बघा, पण आधी मराठी पान. आणि सुरुवात झाशीपासून करू नका. वरसईपासून करा, जिथे अजून कोणी निघालेलंसुद्धा नाही आणि घरात फक्त पैशांची चर्चा चालली आहे.