काठी आण्णांची, क्लास आमचा

‘तू वाशीची ना? स्टेशनच्या कुठल्या बाजूला?’ पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. बाबांनो, आमच्या वाशीला स्टेशनच नाही! आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. फटाक्यांचं तेरखेडा आमच्याच तालुक्यात, आणि पेढेवालं कुंथलगिरी शेजारच्या. पण आज विषय पेढ्यांचा नाही. आज विषय आहे माझ्या आजोबांचा, म्हणजे आण्णांचा, आणि त्यांच्या काठीचा.

आण्णांना डिमेन्शिया आहे. दिवसभर माणूस एकदम शांत, ओट्यावर बसून तंबाखू मळणार. उजेड उतरला की बेचैनी सुरू. डॉक्टरांच्या भाषेत ‘सनडाउनिंग’. आण्णांना तेव्हा मळ्यात जाऊन बैलांना वैरण टाकायची असते. बैल विकून वीस वर्षं झाली. पण हे त्यांना सांगायला जाल तर काठी!

तर त्यांच्यासाठी आम्ही एका ब्युरोकडून अटेंडंट ठेवला. बारा तासांची ड्यूटी, पैसे घसघशीत. मुलगा वाईट नव्हता हो. अंघोळ, डायपर, बीपी, सगळं व्यवस्थित. फक्त पेशंटनं हात उगारला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पहिल्यांदा काठी खाल्ली, दुसऱ्यांदा चावा. तिसऱ्या दिवशी काकू आत गेली, तर आण्णांचे दोन्ही हात उपरण्यानं खाटेला बांधलेले. ब्युरोला फोन केला. उत्तर काय? ‘मॅडम, असे पेशंट बांधावेच लागतात.’ गुरं आहेत का ती? (आणि गुरांनासुद्धा आण्णांनी कधी असं आवळलं नसेल.)

मी चिडून कायदा वाचायला घेतला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१८ च्या मे महिन्यात लागू झालेला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा बिघाडही येतो. माणसाला साखळदंड घालायला सरसकट बंदी आहे. ही बंदी कुठून आली हे आठवायचं असेल, तर तमिळनाडूतलं एरवाडी आठवा. ऑगस्ट २००१ मध्ये तिथं आग लागली, आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण जागेवर जळून गेले. मानसिक रुग्णालयात पेशंटला धरायचं किंवा बांधायचं झालंच, तर तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, सायकिअ‍ॅट्रिस्टच्या परवानगीनं, गरजेपुरत्या वेळासाठी आणि नोंद करून. शिक्षा म्हणून नाही. आणि ‘स्टाफ कमी आहे’ म्हणून तर नाहीच! हे नियम रुग्णालयांना आहेत. घरातल्या खाटेपाशी कोण बघायला येतंय?

मग मी पुण्यातल्या मैत्रिणीला साकडं घातलं. ती सायकिअ‍ॅट्रिक नर्स आहे. एका शनिवारी तिला घेऊन वाशी गाठली. तोवर गावातल्याच एक मावशी कामाला ठेवल्या होत्या. ओट्यावर क्लास भरला: मावशी, काका, काकू, माझा चुलतभाऊ. मला वाटलेलं कराटेसारखं काहीतरी शिकवेल. पण तिनं पहिला तास फक्त ‘उभं कसं राहायचं’ यावर घालवला. समोर छाती काढून नाही, जरा तिरकं. दोन हात अंतर ठेवून. तळवे उघडे, दिसतील असे. दाराच्या वाटेत नाही, कारण वाट अडली की घाबरलेला माणूस अंगावरच येतो. आणि बोलणार एकच जण! आमच्याकडे आण्णा भडकले की सहा जण एकदम ओरडायचे.

मग बैलांचा विषय निघाला. ‘बैल विकले’ हे खरं आहे, पण आण्णांना ते रोज नव्यानं कळतं आणि रोज नव्यानं लागतं. तेव्हा वाद घालायचा नाही. मावशींनी हे इतकं पटकन उचललं की मैत्रीणच गार. त्याच संध्याकाळी आण्णा काठी घेऊन उठले. मावशी दोन पावलं मागं राहून म्हणाल्या, ‘कुठं चाललाव आण्णा? खिलार हायेत का बैलं?’ आण्णा थांबले. मग बैलांची शिंगं, बाजार, किंमत... बोलत बोलत दोघं फाटकापर्यंत गेले नि चहाला परत आले.

धरायचंच झालं तर काय, हेही तिनं दाखवलं. मनगट पकडलं तर झटका द्यायचा नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं सोडवायचं. केस धरले तर त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा. आणि पालथं पाडून पाठीवर बसणं? कधीच नाही! श्वास कोंडतो. इंग्लंडमध्ये १९९८ साली नॉरिचच्या एका क्लिनिकमध्ये डेव्हिड बेनेट नावाचा पेशंट असाच पालथा दाबून धरलेला असताना गेला, आणि चौकशी समितीला वेळेची मर्यादा सुचवावी लागली: तीन मिनिटं. बाकी, हे वाचून शिकण्यातलं नाही. कुणाकडून तरी करून शिका.

‘मग सरळ झोपेची गोळी द्या ना,’ हे काकाचं म्हणणं. पण अशा पेशंटना शांत करायला सर्रास दिल्या जाणाऱ्या काही मनोविकाराच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलाय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याआधी साध्या गोष्टी बघायच्या. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणारा दात. एक वही केली. भडकण्याआधी काय झालं, मग काय केलं, कशानं थांबलं. पंधरा दिवसांत कळलं की निम्मी भांडणं अंघोळीला थंड पाणी अंगावर पडल्यावर व्हायची!

हे सगळं ‘गोड बोला’छाप वाटतंय? लंडनच्या आसपासच्या १५ हॉस्पिटलांतल्या ३१ वॉर्डांत ‘सेफवर्ड्‌स’ नावाचा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. नर्सेसनी शब्द मऊ केले, पेशंटला आज कुठली वाईट बातमी कळणार आहे याचा आधीच विचार केला, अशा बारीक गोष्टी. भांडणं १५ टक्क्यांनी कमी, आणि धरणं-बांधणं-कोंडणं २६ टक्क्यांनी.

भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासोबत जगतायत, असा २०२३ मध्ये आलेला अंदाज आहे. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांचे आण्णा गावाकडे असणार, आणि तुम्ही हिंजवडीत बसून ब्युरोला पैसे ट्रान्सफर करत असणार. पुढच्या वेळी रेट ठरवताना एवढंच विचारा: तुमच्या माणसाला हे ट्रेनिंग कुणी दिलं, किती तास? फोनवर शांतता पसरली तर समजून घ्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं.

आण्णा अजूनही चिडतात. गेल्या महिन्यात मावशींच्या खांद्याला काठी लागलीच. त्यांनी दोन गोष्टी मागितल्यात: आठवड्याला एक सुट्टी आणि पगारवाढ. सुट्टी या रविवारपासून सुरू झाली. पगाराचं काकाशी बोलणं चालू आहे, वकील मी.