इंजिनकाम झाले, पण काटा खरे बोलतो का?



हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरचे इंजिनकाम होते आणि उष्णतेचा काटा हलेनासा होतो. "मीटर गेलंय, चालू द्या," म्हणत भरल्या ट्रॉल्या ओढणे मला पटत नाही. न तपासता नवा सेन्सर आणणेही पटत नाही.

दोष बहुधा नुकत्याच झालेल्या कामातच सापडतो. एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग इंजिनच्या अंगातून मिळते. आट्यांवर जादा टेप किंवा रंग बसला, वायर जोडायची राहिली, तर इंजिन तापूनही काटा थंडच दाखवतो. रेडिएटर भरताना हवा अडकली तरी काटा फसवतो.

ऑईलच्या दिव्याचेही तेच. चावी फिरवताच तो लागला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावीला लागतच नसेल तर बल्ब, वायर बघा. चालू इंजिनात पेटलाच, तर आधी इंजिन बंद!

मिस्त्रीकडून ऑईलचा दाब वेगळ्या मीटरने मोजून घ्या, मगच मजुरी चुकती करा. इंजिन वाटेत जाम झाले तर दुरुस्तीचा खर्च आहेच. शिवाय तोडलेला ऊस वाळून वजन घटते, उताराही घटतो. तो तोटा आपणा सर्वांचा.

— ऊस विकास अधिकारी