पटवणे सोडून ऐकणे

आपल्या मंडळातील काही मुले-मुली मार्केटिंगची नोकरी सोडून ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ होऊ पाहत आहेत. जमलेले काम सोडून हे कशाला, असे पालक विचारतात.

बँकिंगमधलेच उदाहरण घेऊ. यूपीआय २०१६ साली आले. साध्या फोनवाल्यांसाठी *९९# ची सोय होती, पण ती किचकट. वापर फारसा झाला नाही. जाहिराती वाढवून हे सुटणारे नव्हते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय १२३ पे’ सुरू केले. नुसता फोन लावून किंवा मिस्ड कॉल देऊनही पैसे पाठवता येऊ लागले.

फरक इथेच आहे. मार्केटिंगवाला विचारतो, ग्राहकाला कसे पटवू? प्रॉडक्टवाल्याने विचारायचे, ग्राहक अडतो कुठे? माणसे ओळखण्याची मार्केटिंगमधली कमाई इथे उपयोगी पडते. पटवण्याची सवय मात्र सोडावी लागते.

आमच्या शाखेत टार्गेट पुरे झाल्याची नोंद असे. फॉर्म न कळल्याने परत गेलेल्या ग्राहकाची नोंद कुठेच नसे. मीही कधी ठेवली नाही. मुलांना एवढेच सांगेन : राजीनाम्याआधी दहा ग्राहकांशेजारी बसा आणि ते कुठे थांबतात, ते लिहून काढा.