शुश्रूषेचा न मांडलेला हिशेब

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की रुग्णाच्या नावाची फाईल उघडते. परंतु त्याच दिवशी घरातील आणखी एका व्यक्तीचे आयुष्य पालटते आणि तिची नोंद कोठेही होत नाही. ही व्यक्ती बहुधा रुग्णाची पत्नी, आई, सून किंवा मुलगी असते. शुश्रूषा हे तिचे कर्तव्यच, असे मानून समाज आणि शासन दोघेही मोकळे होतात.

दीर्घ दुखणे कोणतेही असो, ते घरच्यांना थकवतेच. मेंदूतील गाठीचे दुःख मात्र निराळे आहे. हा विकार शरीराबरोबर स्वभावालाही ग्रासतो. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात असेल तर शांत माणूस संतापी होऊ शकतो. डाव्या भागातील गाठ पुष्कळदा बोलण्याचे शब्दच हिरावून घेते. आकडी केव्हा येईल याचा नेम नसल्याने रुग्णाला एकटे सोडता येत नाही. ग्लायोब्लास्टोमा या अत्यंत घातक प्रकारात सर्व उपचार घेऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण दीड वर्षाच्या आत दगावतात. ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत हरवत जात असताना त्यालाच भरवावयाचे, त्याचा राग सोसावयाचा आणि आपल्याला राग आला म्हणून पुन्हा स्वतःलाच दोष द्यावयाचा, अशी ही अवस्था असते.

प्रश्न केवळ भावनेचा नाही; तो अर्थकारणाचाही आहे. किरणोपचार साधारणपणे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. त्यासाठी परगावाहून मुंबईत आलेल्या कुटुंबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे आसरा देत आल्या आहेत. परंतु आसरा मिळाला तरी सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी भरून निघत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचारांचा भार उचलते. सोबत्याच्या खाडे झालेल्या दिवसांना तिच्यात स्थान नाही.

मालकाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले की काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिली होती. ती आजही कायम आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील मुलांची व आजारी किंवा वृद्ध माणसांची विनावेतन काळजी घेतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. या कष्टांचा राष्ट्रीय उत्पन्नात एक रुपयाही धरला जात नाही.

मायेला पैशाचे मोल लावावयाचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. मोल मायेचे लावावयाचे नाही. सुटलेल्या नोकरीचे आणि बुडालेल्या रोजगाराचे लावावयाचे आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेद्वारे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या नातलगांसाठी दरमहा ६०० रुपयांचे साहाय्य ठरविले. रक्कम तुटपुंजी आहे; तथापि शुश्रूषा हे काम आहे, हे तत्त्व तिने मान्य केले. महाराष्ट्रानेही ते स्वीकारावयास हवे.

त्याबरोबरच काही गोष्टी अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत. आकडी आल्यावर काय करावे, स्वभाव का बदलतो, पुढे काय वाढून ठेवले आहे, हे रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी नातलगांना मराठीतून नीट समजावून सांगता येईल. अडचणीच्या वेळी विचारता येईल असा एक दूरध्वनी क्रमांक त्यांच्या हाती देता येईल. प्रत्येक तपासणीच्या वेळी रुग्णाबरोबर सोबत्याच्याही झोपेची व मनःस्थितीची चौकशी करता येईल. कार्यालयांना आणि शाळांना अशा कर्मचाऱ्यांसाठी शुश्रूषा रजेची तरतूद करता येईल.

यांपैकी कशानेही गाठ बरी होणार नाही. परंतु एका रुग्णामागे दुसरा रुग्ण तयार होणे टळेल, आणि तेवढे करणे शासनाच्या व समाजाच्या आवाक्यात निश्चितच आहे.