पिळलेल्या सिगारांचे भक्त

क्यूबातील जुन्या सिगारांच्या संग्राहकांत सध्या एक अजब भक्तिसंप्रदाय फोफावला आहे. 1845 साली हवानात स्थापन झालेल्या पार्तागास या नाममुद्रेचा 'कुलेब्रास' हे त्यांच्या दैवतांपैकी एक. कुलेब्रा म्हणजे साप. तीन सिगार वेणीप्रमाणे एकमेकांत पिळून एकत्र विकायचे, असा हा प्रकार. यंत्रावर तयार होणारा जुना कुलेब्रास बंद पडला. 2000 नंतरच्या दशकात तो हाताने वळून पुन्हा बाजारात आणण्यात आला. परंतु संग्राहक शोधतो तो बंद पडलेला यंत्राचाच माल!

वास्तविक हाताने वळलेला तोच खरा सिगार, हा याच मंडळींचा मंत्र. 1989 पासून क्यूबन पेट्यांवर 'संपूर्णपणे हाताने' या अर्थाचा स्पॅनिश शिक्का येऊ लागला. काल जे उणे होते, तेच आज पेटीच्या जुनेपणाची खूण म्हणून भूषण ठरले! मग भाव कशाचा? पानाचा नव्हे, हाताचा नव्हे, यंत्राचाही नव्हे. भाव आहे केवळ दुर्मिळतेचा. कामगाराचे श्रम पेटी बंद झाली त्या दिवशीच संपले. त्यानंतर चढलेल्या किमतीतील एक पैसाही त्याच्या पदरात पडत नाही. वस्तूंच्या अंगी जणू स्वयंभू शक्ती आहे, असा भास भांडवली बाजार निर्माण करतो, हे मार्क्सने दाखवून दिले. त्याचा याहून ढळढळीत दाखला कोणता?

'हा निरुपद्रवी छंद आहे, यातून इतिहास जपला जातो,' असे उत्तर मिळेल. कोणाचा इतिहास? कामगारांना रोज ओढण्यासाठी मिळणारे तीन सिगार त्यांनी बाहेर विकू नयेत म्हणून मालक ते पिळून देत, अशी कुलेब्रासची जन्मकथा सांगितली जाते. संग्राहक ती गंमत म्हणून सांगतो. 'छाट' म्हणून विड्या नाकारून मजुरी कापणारा मालक ज्यांनी पाहिला आहे, त्या आपल्या विडी कामगार भगिनींना त्यातील अविश्वास तत्काळ ओळखू येईल.

1865 पासून हवानाच्या कारखान्यांत कामगार स्वतःच्या पैशाने वाचक नेमून वर्तमानपत्रे व कादंबऱ्या ऐकत. 1920 च्या दशकात पोर लार्रान्यागाने यंत्रे आणली, तेव्हा रोजगारावरील घाल्याविरुद्ध कामगारांनी बहिष्काराचे हत्यार उपसले. त्यांच्यातूनच लाझारो पेन्यासारखा तंबाखू कामगार पुढे देशाच्या कामगार चळवळीचा नेता झाला. 1960 साली क्रांतिकारी सरकारने हा उद्योग राष्ट्राच्या मालकीचा केला. यातील काय त्या पेटीबरोबर विकले जाते?

आणि दुर्मिळतेचे राजकारणही विसरून चालणार नाही. फेब्रुवारी 1962 मध्ये केनेडींनी क्यूबाच्या व्यापारबंदीवर सही केली. तत्पूर्वी आपल्यासाठी सुमारे 1,000 क्यूबन सिगार मिळवायला त्यांनी आपले वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांना सांगितले होते. ही कथा सॅलिंजर यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. जनतेची कोंडी करायची आणि तिच्या श्रमाचे फळ मात्र आपल्या कपाटात दडवायचे! साम्राज्यवादाचे इतके नेमके चित्र व्यंगचित्रकारालाही साधले नसते.

ती नाकेबंदी आजही उठलेली नाही. म्हणून क्यूबाविषयीचे आपले प्रेम पेटीवरील रंगीत चिठ्ठीपाशी थांबता कामा नये. बंधुभाव ठेवायचा तो पान वळणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या हातांशी. कुलूपबंद पेटीशी नव्हे.