जिद्द नव्हती, संडास होत नव्हती

विषय घाण आहे. चहा चालू असेल तर आधी तो संपवा. पण मग वाचा.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, आमचा सत्कार होता. कार्यक्रम नऊचा, मी पोहोचलो साडेअकराला. निवेदक माइकवरून म्हणाले, "उशीर झाला, पण पाहा भाऊंची जिद्द!" टाळ्या पडल्या. शाल, नारळ, फोटो. मी हसलो आणि गप्प बसलो. बावा, जिद्द नव्हती ती. सकाळी पाचपासून संडास होत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९९७ च्या मार्चमध्ये चिंचेच्या झाडावरून पडलो. पाठीचा मणका मोडला, आतला मज्जारज्जू गेला, छातीखाली काही कळेनासं झालं. वय २९. लोकांना माझे पाय दिसतात. खरं सांगू का, पायांचं दुःख तीन-चार वर्षांत विरलं. व्हीलचेअर शिकता येते. आतडं शिकत नाही. मेंदूचा निरोप खाली जात नाही आणि खालचा वर येत नाही. संडास आली ते कळत नाही, आली तर थांबवता येत नाही, नाही आली तर जोर लावता येत नाही.

म्हणून ती घड्याळ लावून करावी लागते. माझं एक दिवसाआड असतं. पहाटे उठून काही खायचं, गरम चहा घ्यायचा, कारण पोटात काही पडलं की आतडं आपोआप हलतं. अर्ध्या तासाने खालून गोळी ठेवायची, तीच ती सपोझिटरी. मग हातमोजा, जेली, आणि बोट आत घालून हळूहळू गोल फिरवायचं म्हणजे आतडं जागं होतं. उरलेलं बोटानेच काढायचं. ही शिक्षा नाही, उपचाराची पद्धत आहे. जगभर माझ्यासारखे लोक असंच करतात. वीस वर्षं मी हे स्वतः केलं, चाळीस मिनिटांत मोकळा व्हायचो.

आता दोन तास लागतात. वय झालं की आतडं आणखी सुस्त होतं. इतक्या वर्षांच्या बोटाने मूळव्याध झाली, कधी रक्त येतं. हाताने चाकं ढकलून, हातावर अख्खं अंग उचलून खांदे झिजले, कमोडच्या खुर्चीवर स्वतःला सरकवता येत नाही. सरकवलं तरी तिथे दोन तास बसलं की बूड सोलतं, आणि आम्हाला एकदा जखम झाली की सहा-सहा महिने भरत नाही. उन्हाळ्यात तर पोटात दगड होतो. त्यावर येणारा प्रत्येक पाहुणा इसबगोल सांगतो. भाऊ, ज्याचं आतडं मंद आहे त्याच्या पोटात नुसता भुसा भरून तुंबारा वाढतो, हे मी भोगून शिकलो. तुमचं तुम्हाला लखलाभ.

मग आता हे करतं कोण? आमची ही करते. ती ५४ ची आहे, तिचे गुडघे गेलेत. मला डाव्या कुशीवर वळवताना तिची कंबर धरते. नातेवाईक काय म्हणतात? "वहिनी म्हणजे साक्षात सावित्री!" या कौतुकाचा मला मनस्वी राग आहे. सावित्री म्हटलं की तुमची जबाबदारी संपली. गेल्या वर्षी तिला डेंगू झाला आणि ती सहा दिवस पडून होती. त्या सहा दिवसांत एकही सावित्रीभक्त हातमोजा घालायला आला नाही. ती उद्या गेली तर माझं काय, हा प्रश्न आम्ही दोघंही रात्री एकमेकांपासून लपवतो.

"हा घरगुती मामला आहे, चव्हाट्यावर कशाला आणता?" असं काही जण म्हणतील. सांगतो कशाला.

दोन वर्षांपूर्वी ताप आला म्हणून नागपूरच्या एका दवाखान्यात भरती झालो. नाव सांगत नाही, कारण दुसरीकडेही वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं, माझी संडास बोटाने काढावी लागते. सिस्टर म्हणाल्या, "ते आमचं काम नाही, नातेवाईकाले सांगा." ही घरी होती. डायपर लावला. अहो, डायपर आलेली संडास धरतो, न आलेली काढतो थोडीच? पाचव्या दिवशी डोकं फुटायला लागलं, चेहरा लाल, मानेवरून घाम. बीपी २१० वर. माझं एरवीचं बीपी शंभरच्या आसपास असतं. सगळे धावले, गोळ्या दिल्या, मेंदूचा फोटो काढू म्हणाले. ही बस पकडून आली, पडदा ओढला आणि तिने पोट मोकळं केलं. थोड्या वेळात बीपी उतरलं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मार असेल तर भरलेलं आतडं किंवा तुंबलेली लघवी एवढ्यानेही बीपी असं भडकतं. वेळेत कारण काढलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होतो, माणूस मरतो. म्हणजे संडास काढणं ही माझ्यासाठी स्वच्छता नाही, इमर्जन्सी आहे. घरगुती मामला म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये १९४४ पासून स्टोक मँडव्हिलला मणक्याच्या रुग्णांचं खास केंद्र आहे. तरीही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला जुलै २०१८ मध्ये सगळ्या दवाखान्यांना सुरक्षेचा इशारा काढावा लागला, की अशा रुग्णांची बोटाने संडास काढणारी शिकलेली माणसं ठेवा. त्यांनी निदान कागदावर मान्य केलं की हे नर्सिंगचं काम आहे. आपल्याकडे विषय काढला की लोक नाकाला रुमाल लावतात.

२०२४ ला आपण सगळ्यांनी 'चंदू चॅम्पियन' पाहिला. आपले मराठी मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक. मीही रडलो. पण थिएटरबाहेर आल्यावर पोरं मला म्हणाली, "काका, तुम्हीपण काहीतरी करून दाखवा." अरे, मी रोज करतोय, फक्त त्याला पदक नाही.

आता सरकारचा हिशोब. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. खेड्यापाड्यातले माझ्यासारखे त्या दिवशीही खाटेवरच हगत होते, कारण संडासाच्या दारातून व्हीलचेअर जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २५ आरोग्यसेवेचं आहे, कलम २४ मध्ये काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. तो भत्ता आमच्या घरात अजून आलेला नाही. संजय गांधी निराधारचे दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले, चांगलं झालं. पण हातमोजे, जेली, गोळ्या, डायपर, लॅक्टुलोज यातच माझे महिन्याला साडेतीन हजार जातात. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्य झाला, योग्यच झालं. डायपरवर मात्र १२ टक्के चालू राहिला, २२ सप्टेंबर २०२५ ला ५ वर आला. ५ तरी का?

नगर परिषद असो, ग्रामपंचायत असो, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे हा नियम आहे. ते पैसे सगळ्यांना सारखे वाटून फोटो काढले की झालं, असं बऱ्याच गावांत चालतं. मला तो वाटा नको. त्यातून मऊ बैठकीच्या कमोड खुर्च्या घ्या आणि गरजेप्रमाणे द्या. महिन्याचं सामान द्या. आणि आपल्या उपजिल्हा रुग्णालयात दोन सिस्टर आणि एक ब्रदर यांना हे काम शिकवून आणा. शिकायला काही दिवस पुरतात. आठवड्यातून तीनदा ते घरी आले तरी कितीतरी बायकांच्या कंबरा वाचतील. आमच्याकडे ट्रायसिकल वाटपाचं शिबिर होतं तेव्हा मंडप, माइक, नाश्ता सगळं जमतं. मग हे का जमत नाही?

आपल्या तालुक्यात असे किती जण आहेत? झाडावरून, विहिरीत, जबलपूर हायवेवर पडलेले, घरात खाटेवर असलेले. यादीच नाही. तुमच्या गल्लीत कोणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, नाव कुठेही टाकणार नाही. लाजू नका, सगळ्यांत जास्त लाजून मी झालोय.

मंगळवारी नगर परिषदेत अर्ज घेऊन जातोय. नगरसेवक मंडळींनो, मत मागायला सगळेच दारात आला होता, तेव्हा भेटा. फक्त दुपारी बाराच्या आधीची वेळ देऊ नका. मंगळवारी माझी पाळी आहे.